कर्कटक, चाकू आणि कागद : खलाशांच्या कलेचा एक विचार

कलेच्या इतिहासग्रंथांत राजदरबारांना, धर्ममंदिरांना आणि धनिकांच्या वाड्यांना मानाचे पान मिळते. जहाजाच्या डेकखालील अंधाऱ्या, दमट खोलीला ते सहसा मिळत नाही. तथापि अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत युरोप-अमेरिकेच्या जहाजांवरून प्रवास करणाऱ्या खलाशांनी ज्या वस्तू घडविल्या, त्यांना आज वस्तुसंग्रहालयांत काचेआड जागा मिळाली असून लिलावांत त्यांना मोठी किंमत येते. शाईने रेखलेल्या वर्तुळाकार आकृत्या, चाकूने कातरलेली कागदी चित्रे, देवमाशाच्या दातांवरील कोरीव रेघा, लोकरीच्या टाक्यांनी उभी केलेली जहाजे असा या कलेचा पसारा आहे.

हा विषय आमच्या वाचकांस प्रथमदर्शनी दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु गोव्यापासून वसईपर्यंतच्या आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांनी 'बोटीवर' माणसे पाठविली आहेत. महिनोन्‌महिने पाण्यावर असलेल्या माणसाची वाट पाहणे म्हणजे काय, हे त्या घरांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणून या परदेशी कलेचा विचार करताना आपण अगदीच परके नाही. प्रश्न आहे तो तिच्याकडे पाहावे कसे, हा.

या कलेविषयी दोन प्रकारची मते आढळतात आणि आमच्या मते ती दोन्ही अपुरी आहेत. पहिले मत विद्वान समीक्षकांचे. त्यांच्या लेखी ही रिकाम्या वेळची हौस. तिला 'कला' म्हणणे म्हणजे शब्दाची उधळपट्टी. दुसरे मत जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांचे. त्यांना प्रत्येक पिवळ्या कागदावर एक विरही खलाशी दिसतो आणि त्या विरहाची किंमत ते ग्राहकाकडून वसूल करतात. पहिल्याने वस्तूकडे पाहिलेलेच नसते. दुसऱ्याने वस्तूऐवजी तिच्याभोवतीच्या गोष्टीकडे पाहिलेले असते. आम्ही येथे आधी रेघ पाहावी, मग कागद, मग हत्यार आणि सर्वांत शेवटी कथा, असा क्रम धरणार आहोत.

वर्तुळाची शिस्त

शाळेत कंपासपेटी हाती आली की प्रत्येक मूल एक आकृती काढते. वर्तुळ काढायचे, कर्कटकाचे अंतर तेवढेच ठेवून परिघावर टोक रोवायचे आणि कमानी काढत पुढे जायचे. सहा पावलांत फेरी पूर्ण होते आणि सहा पाकळ्यांचे फूल उमलते. खलाशांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या भौमितिक आकृत्यांच्या मुळाशी बहुधा हेच फूल असते. फुलाभोवती फुले, त्यांभोवती चांदण्या, कडेला गोफासारखी वेलबुट्टी आणि मधल्या जागा तांबड्या, हिरव्या वा निळ्या रंगाने भरलेल्या, असा त्यांचा थाट असतो.

या आकृतीचा खरा गुण सांगायचा तर तो तिच्या कठोर प्रामाणिकपणात आहे. माणसाचा चेहरा काढताना नाक किंचित वाकडे गेले, तर ते चालून जाते. वर्तुळात तसे होत नाही. पहिल्या पावलाशी केसभर चूक झाली, तर ती दुसऱ्यात मिळते, तिसऱ्यात वाढते आणि सहाव्या पावलाशी शेवटची पाकळी पहिलीला भेटतच नाही. चूक झाकायला तेथे जागा नसते. हेलकावे खाणाऱ्या जहाजावर, तेलाच्या दिव्याच्या उजेडात कोणी हे फूल साधले असेल, तर त्याने हाताइतकेच मनही स्थिर ठेवले असले पाहिजे.

खलाशाच्या हाती कर्कटक आले कोठून, हाही प्रश्न विचारला पाहिजे. कर्कटक हे त्याच्या धंद्याचेच हत्यार होते. नकाशावर अंतर मोजायचे, दिशा लावायची, तर त्यावाचून चालत नसे. दिशांचे चक्र तर भूमितीचाच धडा होय. वर्तुळाचे दोन भाग, दोहोंचे चार, चारांचे आठ, आठांचे सोळा आणि सोळांचे बत्तीस. प्रत्येक भाग सव्वाअकरा अंशांचा. या बत्तीस दिशांची नावे क्रमाने न अडखळता म्हणून दाखविणे, ही नवख्या खलाशाची पहिली परीक्षा असे. आपण लहानपणी धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे जशी पाठ करीत असू, तसाच तो प्रकार.

या दिशाचक्राचा इतिहास कलेच्या दृष्टीनेही मोठा रोचक आहे. १३७५ सालच्या सुमारास माजोर्का बेटावरील अब्राहाम क्रेस्केस या यहुदी नकाशाकाराशी निगडित असलेल्या प्रसिद्ध कातालान नकाशासंग्रहात असे सजविलेले चक्र दिसते. पुढे १५०४ च्या सुमारास पेद्रो रेइनेल या पोर्तुगीज नकाशाकाराने उत्तर दिशेच्या टोकाशी लिलीचे फूल काढले आणि ती प्रथा पुढील कित्येक शतके चालली. पूर्वेच्या टोकाशी पुष्कळ जुन्या नकाशांवर छोटा क्रूस असतो. भूमध्य समुद्रावरून पवित्र भूमी पूर्वेस येते, म्हणून तो क्रूस, असा त्याचा अर्थ लावला जातो. पोर्तुगीज जहाजे आपल्या किनाऱ्याला लागली, ती याच परंपरेतील नकाशे घेऊन. तेव्हा उत्तरेचे फूल आणि पूर्वेचा क्रूस ही चिन्हे आपल्या इतिहासालाही स्पर्श करून गेली आहेत.

इंग्लंडमध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७३ साली ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत चाळीस मुलांना नौकानयनाचे गणित शिकविण्यासाठी खास विभाग स्थापन केला. तेथील मुले आपल्या हाताने काढलेल्या आकृत्या आणि नकाशे राजासमोर सादर करीत. अमेरिकेच्या बंदरगावांतूनही नौकानयन शिकणारी मुले गणिताच्या वह्या अशाच नटवीत. पानाच्या माथ्यावर वळणदार अक्षरांत प्रकरणाचे नाव, खाली जहाजाच्या मार्गाचा त्रिकोण आणि पुढच्या पानावर रंगविलेले दिशाचक्र. गणित आणि नक्षी यांमध्ये त्या मुलांनी भिंत उभी केली नव्हती. ती भिंत आपण नंतर उभी केली.

कर्कटक हे मुख्यतः कप्तानाचे आणि मेटचे हत्यार, सामान्य खलाशाचे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यालाही अपवाद होते. सेलम बंदरचा नॅथॅनिएल बोडिच (१७७३–१८३८) हा स्वतःच्या बळावर शिकलेला गणिती. न्यूटनचा ग्रंथ वाचता यावा म्हणून तो लॅटिन शिकला. त्याने १८०२ साली नौकानयनावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो पुढे अमेरिकन खलाशांचा आधारग्रंथ ठरला. त्याच्या जहाजावर स्वयंपाक्यासह सर्वांना चंद्रावरून जहाजाचे स्थान काढण्याचे गणित येत होते, असे सांगतात. तेव्हा हलक्या समजल्या जाणाऱ्या हातांना भूमितीचे वावडे होते, असे मानण्याचे कारण नाही.

कातरलेला कागद

शाईची आकृती कागदावर काही वाढविते. कातरकाम कागदातून काही काढून घेते. दोन्हींचा धर्मच वेगळा. कातरलेल्या चित्राचा एक नियम कधीही मोडता येत नाही. प्रत्येक भाग दुसऱ्या कुठल्यातरी भागाला चिकटलेला राहिला पाहिजे. एक बारीक दुवा तुटला की पक्षी गळून पडतो, जहाजाची शिडे निखळतात. त्यामुळे कागद कातरणारा कलावंत आकृतीचा विचार करतो, तितकाच आकृत्यांना जोडणाऱ्या दुव्यांचाही करतो. फांदी पक्ष्याला धरते, पक्षी चोचीने फुलाला धरतो, फूल चौकटीला टेकते. सणाला पतंगाच्या कागदाची घडी घालून ज्यांनी पताका कातरल्या आहेत, त्यांना ही अडचण आणि त्यातील गंमत दोन्ही ठाऊक आहेत.

घडी घालून कापले की डावे-उजवे आपोआप सारखे होते. हे सोपे आणि म्हणूनच थोडे धोक्याचेही. घडीच्या जोरावर केलेले काम लवकर एकसुरी होते. खरा कारागीर ओळखावा तो घडी उघडल्यानंतर त्याने काय केले यावरून. जहाजाचे नाव, तारीख, जिला पाठवायचे तिच्या नावाची आद्याक्षरे, ही घडीत कापता येत नाहीत. ती उलटी उमटतात. ती कागद सपाट पसरून, एकेक करून कापावी लागतात. ज्या चित्रांत अशी एकेरी कापलेली जागा असते, तेथे आमच्या मते चित्राला व्यक्तीचा आवाज लाभतो.

कागद कातरण्याची कला खलाशांनी शोधली नाही. ती त्यांनी आपापल्या गावांतून जहाजावर नेली. हॉलंडमध्ये योआना कूर्टेन (१६५०–१७१५) या बाईंनी कात्रीच्या बळावर मोठे नाव मिळविले. स्वित्झर्लंडमध्ये योहान याकोब हाउसविर्त (१८०९–१८७१) या गरीब मजुराने गुरे डोंगरावर चढविण्याच्या मिरवणुका रंगीत कागदांतून कापल्या. पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांत घडी घालून कापलेल्या, हृदयाच्या आकृत्या असलेल्या प्रेमपत्रांची रीत होती. जहाजावरच्या माणसाला कागद थोडा मिळे, पण कमरेला चाकू असे आणि वेळ भरपूर असे. देवमाशांच्या शिकारीची सफर तर तीन-चार वर्षे चाले.

येथे एका दुसऱ्या परंपरेची आठवण करून देणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण ती आपल्या अधिक ओळखीची आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत फ्रान्स, फ्लँडर्स आणि दक्षिण जर्मनीतील मठांत धर्मभगिनी चर्मपत्रावर वा कागदावर संताचे लहान चित्र रंगवीत आणि त्याभोवती छोट्या चाकूने लेससारखी जाळी कापीत. त्या चाकूच्या फ्रेंच नावावरूनच या चित्रांना 'कानिव्हे' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या छापखान्यांनी हेच काम यंत्रावर घेतले आणि जाळीदार काठाची संतांची चित्रे जगभर गेली. आजीच्या प्रार्थनापुस्तकात खुणेसाठी ठेवलेले, कडेची जाळी झिजलेले पवित्र मारियेचे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्याची पणजी म्हणजे ती मठातली हाताने कापलेली जाळी होय.

मठ आणि जहाज यांची तुलना वरवर विचित्र वाटेल. परंतु दोन्हीकडे जागा बंदिस्त, दिनक्रम घंटेने बांधलेला, मालमत्ता पेटीभर आणि हत्यार म्हणून लहानसा चाकू. फरक हेतूचा आहे. धर्मभगिनीची जाळी प्रार्थनेचाच भाग होती. तिला घाई नव्हती आणि तिच्यावर सही नव्हती. खलाशाचे कातरकाम हा निरोप होता. ते कोणाच्या तरी हाती पडावे, आपण जिवंत आहोत आणि आठवण ठेवून आहोत हे तिला कळावे, यासाठी त्याची धडपड होती. म्हणूनच मठातील काम बहुधा अधिक निर्दोष असते, तर खलाशाच्या कामात एखादी रेघ अधीर होते. आम्हांला दोन्ही प्रिय आहेत. पण एकाच्या मापाने दुसरे मोजू नये.

नावाचा प्रश्न

आता कथेकडे वळू. 'हे खलाशाने केले' हे तीन शब्द किती सावधपणे घ्यावेत, याचा एक चांगला धडा शिंपल्यांच्या पेट्यांनी दिला आहे. अष्टकोनी लाकडी चौकट, बहुधा बिजागरीने जोडलेले दोन भाग आणि काचेखाली शेकडो लहान शिंपल्यांची वर्तुळाकार नक्षी. मधोमध दिशाचक्र, हृदय किंवा फूल आणि भोवती प्रेमाचे दोन शब्द. यांना 'खलाशांचे व्हॅलेंटाइन' म्हणत. एकोणिसाव्या शतकातील विरही खलाशी डेकवर बसून हे शिंपले चिकटवीत, अशी समजूत अनेक वर्षे पक्की होती.

१९६१ साली ज्युडिथ कूलिज ह्यूज यांनी या समजुतीला धक्का दिला. एका पेटीच्या आतील थरात बार्बाडोस बेटावरील वर्तमानपत्राचा कागद सापडला होता. शिंपलेही बहुतेक वेस्ट इंडीजच्या किनाऱ्यावरचे. शोध ब्रिजटाउन या बंदरातील बेलग्रेव्ह यांच्या दुकानापर्यंत जाऊन पोहोचला. या पेट्यांपैकी बऱ्याच तेथे तयार होऊन विकल्या जात आणि खलाशी त्या घरी नेण्यासाठी विकत घेत. शिंपले निवडण्याचे व मांडण्याचे काम बेटावरील स्त्रियांनी केले असावे, असे आता सामान्यतः मानले जाते.

यातून काही रसिकांचा हिरमोड झाला. आमच्या मते हिरमोड होण्याचे कारण नाही. उलट अंतर्मुख होण्याचे कारण आहे. पेटी तीच राहिली, शिंपले तेच राहिले, नक्षीही तीच. बदलले ते एवढेच की, ज्या हातांनी काम केले ते हात वेगळे निघाले. खलाशाचा विरह आपल्याला भावला म्हणून त्या बेटावरील बायकांचे श्रम शंभराहून अधिक वर्षे त्याच्या खाती जमा होत राहिले. मजुराची मजुरी थोपवून धरणे हा गंभीर अन्याय असे धर्मशास्त्र सांगते. श्रेय थोपवून धरणे हाही त्याच जातीचा अन्याय नव्हे काय? समीक्षेचे काम निव्वळ सौंदर्य वाखाणण्याचे नाही. ज्याचे त्याला देणे, हेही तिचे काम आहे.

शाईच्या आकृत्या आणि कातरलेले कागद यांनाही हाच निकष लावला पाहिजे. सहा पाकळ्यांचे फूल सुतारांनी पेट्यांवर कोरले, गवंड्यांनी दगडात कोरले, शाळामास्तरांनी वहीत काढले. ते फूल दिसले म्हणजे काढणारा खलाशी, हे अनुमान टिकणारे नाही. दोरखंडाची नक्षी वा नांगर असला तरी तेवढ्याने पुरावा होत नाही. बंदरगावातली मुलगीही नांगर काढू शकते. जहाजाचे नाव, सफरीची तारीख, मागच्या बाजूचे अक्षर, रोजनिशीचे फाडलेले पान, घराण्यात चालत आलेली नोंद, यांपैकी काही असेल तर 'खलाशाने केले' म्हणावे. नसेल तर 'करणारा अज्ञात' म्हणण्यात कमीपणा नाही. जुना कोरा कागद आणि तपकिरी शाई मिळवून नवी 'जुनी' चित्रे करणारेही बाजारात आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

दातावरची रेघ आणि तिचे दोष

ज्यांच्याविषयी शंका नाही अशा खलाशी-कलावंतांत नँटकेट बेटावरचा फ्रेडरिक मायरिक अग्रभागी येतो. 'सुझन' या शिकारी जहाजावर असताना १८२८ व १८२९ या दोन वर्षांत त्याने स्पर्म व्हेलच्या दातांवर तेच जहाज पुनःपुन्हा कोरले. आज असे तीसहून अधिक दात ज्ञात आहेत. त्याने त्यांवर सही केली, तारीख घातली, जहाजाचे आणि कप्तानाचे नाव लिहिले. दात घासून गुळगुळीत करायचा, सुईसारख्या टोकाने रेघा ओढायच्या आणि त्यांत काजळी वा शाई चोळायची, अशी ही रीत. म्हणजे मुळात तेही शाईचेच रेखाटन, कागदाऐवजी दातावरचे.

मायरिकच्या रेघेत एक दर्जा आहे. दोरखंडांची गुंतागुंत तो न चुकता मांडतो, कारण त्या दोरांवर तो स्वतः चढत होता. पण या कलेचे सगळेच काम या तोडीचे नाही, हेही सांगितले पाहिजे. बरेच खलाशी मासिकातील छापील चित्र दातावर ठेवून टाचणीने टोचून उतरवून घेत आणि मग ठिपके जोडीत. फॅशनच्या पानांवरील नटव्या स्त्रिया अशा कित्येक दातांवर आल्या आहेत. त्यांत हात आहे, पण नजर उसनी आहे. कागदी कामातही तेच. हृदय, नांगर, कबुतर, दोन हातांची मिठी ही ठरावीक चिन्हे इतक्या वेळा येतात की, पाहणाऱ्याचे मन त्यांवरून घसरून जाते. भावना खरी असली म्हणून चित्र खरे होत नाही. चित्राला स्वतःचे काही पाहिलेले असावे लागते.

दाताच्या बाबतीत एक नैतिक अडचणही आहे. प्रत्येक दातामागे एक मारलेला प्राणी आहे. जहाजाच्या रोजनिशीत मारलेल्या प्रत्येक देवमाशासाठी शाईने देवमाशाचा शिक्का उठवीत आणि त्याच्या पोटातल्या कोऱ्या जागेत निघालेल्या तेलाची पिंपे लिहीत. निसटलेल्यासाठी नुसती शेपटी काढीत. हे छोटे शिक्के रेखाटन म्हणून फार नेटके आहेत आणि हिशेब म्हणून अंगावर काटा आणणारे आहेत. अमेरिकेने १९७२ साली समुद्री सस्तन प्राण्यांना कायद्याने संरक्षण दिले. जुने दात वस्तुसंग्रहालयात राहावेत. त्यांतील कौशल्याला दाद द्यावी. पण त्या कौशल्याची किंमत कोणी मोजली हे विसरू नये. कागदावरच्या कामाला हा डाग नाही, हे आमच्या पसंतीचे एक कारण आहे.

कैदेतील कारागीर

या कलेचा एक अध्याय जहाजावर नव्हे, तर जमिनीवर, कुंपणाआड लिहिला गेला. इंग्लंडमध्ये पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस येथे १७९७ ते १८१४ या काळात युद्धकैद्यांचा मोठा तळ होता. फ्रान्स आणि त्याच्या मित्रराष्ट्रांचे सैनिक व खलाशी हजारोंच्या संख्येने तेथे होते. मुदपाकखान्यातील हाडे उकळून, घासून त्यांनी जहाजांच्या नाजूक प्रतिकृती केल्या. गवताच्या काड्या चिरून, रंगवून, त्या लाकडी पेट्यांवर चिकटवून चौकोन, चांदण्या आणि वर्तुळे यांची भौमितिक नक्षी साधली. तळाच्या दाराशी बाजार भरे आणि आसपासचे लोक ती विकत घेत. पीटरबरोच्या वस्तुसंग्रहालयात ही कामे आजही आहेत.

क्रांतीमुळे देशोधडीला लागलेले मूलाँचे बिशप शेजारच्या स्टिल्टन गावी राहून या कैद्यांची आत्मिक काळजी वाहत, हा तपशील आमच्या वाचकांस जिव्हाळ्याचा वाटेल. निर्वासित मेंढपाळ आणि कैदी मेंढरे, दोघेही घरापासून दूर. त्या तळावर १,७७० कैदी मरण पावले. त्यांच्या स्मरणार्थ १९१४ साली तेथे स्तंभ उभारण्यात आला. काड्यांच्या पेट्या पाहताना हा आकडा मनात ठेवावा. ज्या माणसाला उद्याची खात्री नाही, तो काडी काडीला काटकोनात बसवतो, तेव्हा आपल्या भोवतीच्या गोंधळात स्वतःपुरती तरी व्यवस्था उभी करीत असतो. भौमितिक आकृतीकडे अशी माणसे का वळली, याचे उत्तर आम्हांला येथे सापडते. समुद्रावर किंवा तुरुंगात पुढे काय होणार हे हातात नसते. वर्तुळाची सहावी पाकळी मात्र, हात चुकला नाही तर, पहिलीला भेटतेच.

राखणारे हात

या कलेचा आणखी एक भागीदार आहे आणि समीक्षक त्याचे नाव सहसा घेत नाहीत. कागद हा टिकाऊ पदार्थ नव्हे. जुना कागद चिंध्यांपासून होत असे, म्हणून त्याने बरेच सोसले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला आणि तो लवकर पिवळा पडून तुटू लागला. शाई मायफळ आणि हिराकस यांची. ती वर्षांनुवर्षे कागदाला खात राहते. काळी रेघ तपकिरी होते आणि शेवटी जेथे शाई दाट होती तेथे कागदच गळून पडतो. शाईने काढलेले फूल कालांतराने कातरलेल्या कागदासारखे दिसू लागते. माणसाने जे चाकूने केले, ते येथे काळ शाईकडून करवून घेतो.

असे असूनही जे आपल्यापर्यंत आले, ते कोणीतरी जपले म्हणून आले. ते बायबलच्या पानांत ठेवले गेले, पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळले गेले, आईकडून मुलीकडे गेले. पाठविणारा कदाचित परतलाही नसेल. खलाशाने चित्र केले हे अर्धे सत्य. घरच्या बाईने ते राखले हे उरलेले अर्धे. चित्राच्या घड्यांवरील झिजलेल्या रेघा, पुनःपुन्हा उघडून पाहिल्याच्या खुणा, हाही त्या कलाकृतीचा मजकूरच आहे आणि तो वाचता आला पाहिजे.

तेव्हा आमचा निर्णय असा. खलाशांच्या कागदी कामाला थोर चित्रकलेच्या रांगेत ओढून बसविण्याची गरज नाही. ते त्या रांगेसाठी केलेलेच नव्हते. पण त्याला हौस म्हणून बाजूला सारणेही अन्यायाचे आहे. त्यांपैकी पुष्कळ सामान्य आहे, काही नक्कल आहे आणि थोडे असे आहे की, ज्यात धंद्याचे हत्यार, हाताची शिस्त आणि मनातला माणूस एकाच रेघेत येतात. ते थोडे शोधून काढण्यासाठी कथेने भुलून न जाता कागद उजेडात धरावा लागतो.

आपल्या घरांतही समुद्रावरून आलेले कागद असतील. नौकेचे चित्र काढून पाठविलेले पत्र असेल, कुठल्या बंदरातून नाताळसाठी धाडलेले हाताने केलेले भेटकार्ड असेल, गणिताच्या वहीतले दिशाचक्र असेल. त्यांची संख्या मोठी नसेल, मोलही बाजारात ठरणारे नसेल. तरी त्यांना चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये भाजून बंद करू नये, उन्हाच्या भिंतीवर टांगू नये. कोरड्या पेटीत, स्वच्छ कागदाच्या घडीत ठेवावेत. आणि घरातील जाणत्या माणसाला विचारून कोणी, कोणत्या जहाजावरून, कोणत्या साली, कोणासाठी केले, हे एका वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून त्यासोबत ठेवावे. बार्बाडोसच्या त्या स्त्रियांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. आपल्या माणसांची नावे लिहून ठेवणे अजून आपल्या हाती आहे.